बिनतलवारीचा गेम

ताईने गेमची डबी काउंटरवर ठेवली आणि बोटाने दुकानदाराकडे सरकवली.

"हाही नाही चालला."

जुने गेम घेणाऱ्या-विकणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली खोकेवाला म्हणायची. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत खोकी रचलेली होती आणि उरलेल्या फटीत तो स्वतःला कसाबसा बसवून घ्यायचा. त्याने डबी उलटीपालटी करून पाहिली.

"मॅडम, याला लोक डोक्यावर घेतात. राजे आहेत, किल्ले आहेत, ड्रॅगन आहे. अजून काय पाहिजे?"

"तो ड्रॅगन सुरुवातीलाच अंगावर येतो. पळावं लागतं, तलवार चालवावी लागते."

"आता ड्रॅगन म्हटल्यावर तेवढं होणारच की."

"माझ्या भावाला बटण दाबता येत नाही," ताई म्हणाली. "तो डोळ्यांनी सांगतो, मी दाबते. आणि मी कपडे शिवते हो, मला कुठली तलवार जमतेय? तो सांगेपर्यंत आम्ही मेलेलो असतो."

खोकेवाल्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा उतरली. त्याने डबी बाजूला ठेवली.

"मग पत्त्यांचा वगैरे देऊ का? कोडी?"

"नको. त्याला राजेरजवाडेच हवेत. आणि जादू हवीच. त्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नाही."

"म्हणजे तुम्हाला राजकारण पाहिजे," खोकेवाला म्हणाला. "दरबार, कट, फितुरी. सगळी भांडणं बोलून. समोर दोन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. तुम्ही निवडेपर्यंत सगळे गप्प उभे राहतात. जेवून आलात तरी चालतं."

तो स्टुलावर चढला आणि एका खोक्यात खांद्यापर्यंत हात घालून चाचपडत राहिला. शेवटी एक धुळकट डबी घेऊन खाली उतरला आणि ती शर्टाला पुसून म्हणाला, "हा फारसा खपत नाही. लोकांना वाचायचा कंटाळा."

भावाला घरात सगळे धाकटा म्हणायचे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आधी त्याच्या हातून पाना निसटायला लागला, मग घास, मग शब्द. आता मानेखालचं काहीच हलत नव्हतं. पापण्या मात्र त्याच्या होत्या. एकदा मिटल्या की हो, किंवा पहिलं उत्तर. दोनदा मिटल्या की नाही, किंवा दुसरं. दाबताना ताईची चूक झाली, तर तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा, मग ती मागे जाऊन पुन्हा दाबायची. ही भाषा दोघांनी मिळून बनवली होती आणि घरात ती नीट वाचता यायची फक्त ताईला. आई घाई करायची. तिला हवं ते उत्तर दिसलं की ती पुढचं बघतच नसे.

त्याने कुठला शर्ट घालायचा, कुठल्या कुशीवर निजायचं, पंखा किती ठेवायचा, सगळं दुसरेच ठरवत. एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी त्याच्यावर सोडली होती. त्याचा श्वास आता फार दिवस पुरणार नव्हता. गळ्याला छिद्र पाडून नळी घातली, मशीन लावलं, तर तो जगला असता, कदाचित बरीच वर्षं, पण त्या मशीनला आणि त्या पलंगाला बांधलेला. "हे मी त्याला विचारणार, तुम्हाला नाही," डॉक्टर म्हणाले होते. "त्याला विचार करू द्या."

आईने दुसऱ्याच दिवशी कपाट सरकवून मशीनसाठी जागा करून ठेवली. ताईने हळूच विचारून पाहिलं, तर धाकट्याने नजर भिंतीकडे वळवली. परत विचारलं, तरी तेच. मग तिने गेम शोधायला सुरुवात केली. त्याचं डोकं जरा कशात रमलं तर बोलेल, असं तिला वाटत होतं. आणि खरं सांगायचं, तर त्याच्या उशाशी नुसतं बसून राहणं तिला झेपत नव्हतं.

खोकेवाल्याचा गेम लागला. धाकटा एका डोंगराळ राज्याचा राजा झाला. ताई मोठ्याने वाचायची, तो पापण्या मिटायचा, ती दाबायची. आणि काय सांगावं, जन्मात कुणाला उलट उत्तर न दिलेला हा माणूस गादीवर बसला आणि एकदम बेरकी झाला. त्याने सेनापतीला गोड बोलून सीमेवर धाडलं. दोन सरदारांना एकमेकांविरुद्ध भडकवलं आणि दोघांनाही दरबारात शेजारी शेजारी बसवलं.

"अरे, याला तर तू वचन दिलं होतंस!" ताई ओरडली.

एकदा. हो.

"आणि तरी कोठडीत टाकायचं?"

एकदा. त्याचे डोळे हसत होते. ताई इतकी हसली, की आई हातातलं काम टाकून दारात आली.

"काय झालं? कोणाला टाकलं कोठडीत?"

"खजिनदाराला."

"बरं झालं मेल्याला," आई म्हणाली आणि निघून गेली. तिला खजिनदार कोण ते ठाऊक नव्हतं. घरात कोणीतरी हसलंय, एवढं तिला पुरलं.

डॉक्टर उत्तर घ्यायला येणार होते त्याच्या आदल्या दुपारी गेममधला राजा आजारी पडला. बुरुजात राहणारी जादूगारीण हातात वाटी घेऊन त्याच्या पलंगापाशी आली. ताई वाचायला लागली.

"'महाराज, हे प्या. तुमचा श्वास थांबणार नाही. तुम्ही पलंगावरून उठणार नाही, पण असाल. राज्य तुमच्या नावाने चालत राहील.'" तिने ती ओळ मनात पुन्हा वाचली. मग पुढचं वाचलं. "पहिलं उत्तर, वाटी घेतो. दुसरं, वाटी परत ने, मुलीला बोलाव, मुकुट तिला देतो."

पापण्या दोनदा मिटल्या.

"घाई नको करूस. परत सांग."

दोनदा. एवढ्या सावकाश, की समजण्यात चूक व्हायला जागाच राहू नये.

इतके दिवस तो भिंतीकडे बघून जे टाळत होता, ते त्याने आता सांगून टाकलं होतं. ताईला ते कळलं आणि ते कळणं तिला सोसेना. तिने पडद्याकडे पाहिलं आणि पहिलं उत्तर दाबलं.

राजाने वाटी तोंडाला लावली. दरबारात जयजयकार झाला. ताई पडद्यावरची नजर हलवत नव्हती. आता तो डोळे घट्ट मिटून घेईल, मग मागे जावं लागेल, 'हात घसरला रे' असं म्हणावं लागेल, हे तिला ठाऊक होतं. बराच वेळ काही झालं नाही, तेव्हा तिने वळून बघितलं.

धाकट्याचे डोळे उघडे होते. तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याला राग आलेला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"मागे जाऊ?" तिने विचारलं.

दोनदा. नको.

सकाळी डॉक्टर आले, खुर्ची ओढून पलंगापाशी बसले. आई धाकट्याच्या केसांतून हात फिरवत उभी राहिली. ताई पायथ्याशी होती. जे असेल ते खरं सांगायचं, आईने आयुष्यभर तोंड बघितलं नाही तरी चालेल, असं ठरवूनच ती उठली होती.

"नळी बसवायची?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

पापण्या मिटल्या. उघडल्या. ताई दुसऱ्यांदा मिटण्याची वाट बघत राहिली. त्या मिटल्या नाहीत.

"काय म्हणाला?"

"हो म्हणाला," ताई म्हणाली.

"मी उलटं विचारून बघतो. खात्री हवी." डॉक्टर पुढे वाकले. "नळी नको, असं आहे का तुझ्या मनात?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. काल दुपारी पाहिलं होतं तसंच. मग पापण्या मिटल्या आणि पुन्हा एकदा मिटल्या.

"तसं नाही म्हणतोय," ताई म्हणाली. "हवीय म्हणतोय."

आईच्या तोंडून हुंदका फुटला. तिने त्याच्या कपाळाचे मुके घेतले, दोन्ही गालांचे घेतले. डॉक्टरांनी मान डोलावली. असा धीर फार थोड्यांना असतो, म्हणाले. आई डोळे पुसत त्यांना कपाटाची सरकवलेली जागा दाखवायला लागली.

ताई त्याच्या उशाशी येऊन वाकली.

"माझ्यासाठी नको ना रे," ती त्याच्या कानाशी पुटपुटली. "खरं सांग. सांगू का त्यांना? अजून वेळ आहे."

त्याने तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि पापण्या दोनदा मिटल्या.

"मशीन उजव्या बाजूला बरं पडेल की डाव्या?" मागून डॉक्टर आईला विचारत होते.

"उजवीकडेच ठेवू," आई म्हणाली. "तिकडे जागा आहे."

"त्याला विचारा," ताई म्हणाली.