पेशींचं प्रस्थान

उंदराच्या आतड्यातल्या पेशी काचेच्या बशीत चालतात, हे ऐकून अंबुजाबाईंनी नाक मुरडलं होतं. सोवळ्याच्या घरात, तेही जेवायच्या वेळी, असलं बोलणं कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण लेक त्या पेशींपायी वर्षानुवर्षं उन्हातान्हाची कॉलेजला जात होती, लग्नाचं नाव काढू देत नव्हती. तेव्हा निदान त्या चालतात तरी, यावर माउलीने समाधान मानलं.

भुवनासाठी मात्र ते चालणं म्हणजे जीव की प्राण होतं. आतड्याचं आतलं अस्तर असतं पेशींच्या एकाच थराचं, आणि ते कशाकशाने सोलवटतं. मग ते भरून येतं कसं? तर तिथे नव्या पेशी जन्मतात म्हणून, असं तिच्या विभागात सगळे धरून चालले होते. भुवनाने बशीत पेशींचा एकसंध थर वाढवला, दाढीच्या पात्याने त्याचा एक भाग खरवडून काढला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. कडेच्या पेशी नव्यांच्या जन्माची वाट बघत थांबल्याच नाहीत. अंग पसरून त्या सरळ उघड्या जागेत सरकल्या. आधी चाल, जन्म मागाहून.

आणि ही चाल फुकट होत नव्हती. तिला पॉलिअमाइन नावाचे इवले रेणू लागायचे. पेशी ते स्वतःच घडवते. ते घडवणं एका औषधाने बंद पाडलं, की पेशी मरायच्या नाहीत, पण जागच्या हलायच्याही नाहीत, कारण त्यांचा आतला सांगाडाच विस्कटून जायचा. मग बशीत थोडं पुट्रेसिन टाकायचं, याच कुळातलं, कुजक्या वासावरून नाव पडलेलं, की पेशींची चाल पुन्हा सुरू. हे सगळं भुवनाने तंजावूरमध्ये करून दाखवलं होतं, जिथे वीज मनाला येईल तेव्हा जायची आणि पेशींना लागणाऱ्या वायूचा सिलिंडर तिरुचीहून आणावा लागायचा. एकदा वीज गेली आणि पेशींच्या अख्ख्या पिढ्या मेल्या. तिने रडून घेतलं आणि पुन्हा वाढवल्या.

त्र्याण्णव सालच्या जूनअखेर तिचा लेख तयार झाला. परदेशी नियतकालिकाला पाठवायचा, म्हणजे सोबतच्या पत्रावर मार्गदर्शकाची सही हवी. हे तिचे मार्गदर्शक वरुणराव, विभागाचे प्रमुख. राजवाड्यामागच्या गल्लीत तिच्या घरापासून चार घरं दक्षिणेला राहायचे, आणि तिच्या वडिलांच्या माघारी 'मुलगी माझी जबाबदारी' असं म्हणून तिला आपल्या हाताखाली घेतलेले. माणूस वाईट नव्हता, असं गल्लीत अजून म्हणतात. म्हणोत बापडे.

वरुणरावांनी लेख वाचला, दोन स्वल्पविराम हलवले, उत्तम आहे म्हणाले आणि कपाटात ठेवून दिला. भुवनाने सहीचं विचारलं, तर म्हणाले, चित्र एक परत काढ. तिने काढलं. तोवर जुलै अर्धा होत आला आणि आडी तोंडावर आला. तमिळ लोकांचा हा महिना नव्या कामाला वर्ज्य. हेच वरुणराव दर विज्ञानदिनी मुलांसमोर अंधश्रद्धेवर कडकडीत भाषण ठोकायचे. पण अनेक वर्षांपूर्वी त्यांचा स्वतःचा एक लेख आडीत पोस्टात पडला होता आणि नापसंतीच्या दोन ओळी घेऊन परत आला होता. त्या दोन ओळी त्यांच्या मनातून गेल्या नव्हत्या.

"आडी सरू दे," ते म्हणाले. "मग बघू."

आता एका पंचांगाचं घर असतं तर आडी सरल्यावर काम झालंही असतं. पण आमच्या मराठी गल्ल्यांत भिंतीवर पंचांगं दोन. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून शेजाऱ्यांचे वाईट महिने आम्ही मनापासून आपलेसे केले, आणि येताना आणलेले आपले वाईट महिने सोडायला मात्र कोणी तयार नाही. त्या वर्षी आडी संपतो न संपतो तोच अधिक भाद्रपद उभा. तो गेला की गणपती, गणपती गेले की पितृपंधरवडा. भुवनाने घरी कॅलेंडरवर हे सगळे महिने मोजले. या विषयामागे जगात आणखी माणसं लागलेली आहेत, हे ती नियतकालिकं चाळून ओळखून होती, आणि त्यांच्याकडे आडी नव्हता.

आणि आडी लागायच्या आदल्या दिवशीच राजममामी, वरुणरावांची बायको, भुवनाच्या दारात एक कोरी सूटकेस घेऊन आल्या. त्यांचा मुलगा सुरेंद्र शिकायला अमेरिकेला निघालेला. तिकडची कॉलेजं ऑगस्टमध्येच उघडतात, म्हणजे पोराला ऐन आडीत विमानात बसणं भाग. त्यावर आपल्याकडे तोड आहेच. चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू जायच्या दिशेच्या शेजारघरी नेऊन ठेवायची. तेच प्रस्थान. मग प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरतात, माणूस पुढे कधी का निघेना. अमेरिकेची दिशा कोणती, यावर वरुणरावांच्या घरी बराच खल झाला. शेवटी आधी मद्रासला जायचं, तेव्हा उत्तर, असं ठरलं, आणि उत्तरेला भुवनाचं घर. शास्त्रात प्रस्थानाची मुदत म्हणे अगदी थोडी. वरुणरावांनी ती व्हिसाच्या तारखेपर्यंत खुशाल ताणली.

अंबुजाबाईंनी सूटकेस देवापाशी ठेवून कुंकू लावलं. भुवना तिच्याकडे बघत राहिली आणि तिच्या मनात आशा जागली. संध्याकाळी ती वरुणरावांकडे गेली. म्हणाली की आडी अजून लागलेला नाही, माझं पाकीटही आजच सुरेंद्राच्या सामानात ठेवू, तुम्ही फक्त सही करा. पाकिटाचंही प्रस्थान होईल, आणि अमेरिकेत उतरल्यावर तो पोस्टात टाकेल, म्हणजे इथल्या टपालापेक्षा लवकर पोचेल. तिने हे हसत हसत, लाडीगोडी लावून सांगितलं, कारण रागाने सांगितलं असतं तर दारच बंद झालं असतं.

वरुणरावही हसले. "पेपर म्हणजे काय माणूस आहे गं?" म्हणाले. "आमच्या सुरेंद्राच्या जायात तुझी घाई कशाला मिसळतीस?"

राजममामींनी तिच्या हातावर लाडू ठेवला. तो खाऊन ती घरी आली आणि आईवर उगाच ओरडली. आपण बापाच्या जागी मानलेल्या माणसाचा आपल्याला एवढा संताप येऊ शकतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ऑगस्टच्या सुरुवातीला सुरेंद्र आला, तिच्या देवघरातून सूटकेस उचलली, अंबुजाबाईंच्या पाया पडला आणि गेला. सुखरूप पोचल्याचा फोनही आला. भुवनाचा लेख कपाटात होता तिथेच राहिला.

सही झाली विजयादशमीला. वरुणरावांनी स्वतः पाकिटाला हळद लावली आणि मोठ्या मनाने टपालाचा खर्चही केला. उत्तर आलं डिसेंबरात, मार्गळीत. तोही वर्ज्य महिना, पण उत्तरांना कोण अडवणार? संपादकाने सौजन्याने लिहिलं होतं की काम नेटकं आहे, परंतु याच निष्कर्षांचा एक लेख आमच्याकडे आधीच स्वीकारलेला आहे, तेव्हा यात नवं असं काही उरत नाही. पोंगलनंतर कधीतरी तो अंक कॉलेजच्या ग्रंथालयात येऊन पडला. भुवनाने उभ्याउभ्याच तो उघडला. तीच खरवड, तेच बंद पाडणारं औषध, तीच पुट्रेसिनने परत आलेली चाल. तिच्या चित्रांपेक्षा त्यांची चित्रं फक्त छपाईला सरस होती. पानाच्या तळाशी लेख संपादकांना मिळाल्याची तारीख होती, सप्टेंबरातली. अधिक भाद्रपदातली. तिचं पाकीट सुरेंद्राबरोबर गेलं असतं तर ते महिनाभर आधी पोचलं असतं, आणि हे नेटकं सौजन्याचं पत्र दुसऱ्याच कोणाला तरी गेलं असतं.

ती तो अंक घेऊन वरुणरावांच्या खोलीत गेली. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि आनंद व्यक्त केला. अमेरिकेतल्या लोकांनाही तेच दिसलं, म्हणजे आपलं बरोबर होतं, केवढी मोठी गोष्ट, असं म्हणाले. प्रबंधाला काही बाध येत नाही, प्रस्तावनेत त्यांचा उल्लेख कर आणि पुढे चल, असंही म्हणाले. भुवनाने उल्लेख केला. जे वाक्य पहिल्यांदा तिने आपलं म्हणून लिहिलं होतं, त्याच वाक्यात आता कंसात परक्यांची नावं घालावी लागली. प्रत्येक कंस टाइप करताना तिला वाटे, आपण आपल्याच घराच्या दारावर दुसऱ्याची पाटी ठोकतो आहोत.

तोंडी परीक्षेला मद्रासहून वेंकटरमण नावाचे परीक्षक आले. सज्जन माणूस. प्रबंध खरोखर वाचून आलेला. त्यांनी पेशींच्या सांगाड्याबद्दल विचारलं, औषधाच्या मात्रेबद्दल विचारलं, आणि भुवनाने सगळं नीट सांगितलं. शेवटी ते जरा संकोचून म्हणाले, की हे सारं तर गेल्याच वर्षी छापून आलं आहे, मग यात तुझं नवीन काय? भुवनाने तोंड उघडायच्या आत वरुणरावच बोलले. स्वतंत्रपणे मिळालेला दुजोरा आहे, सर. विज्ञानात दुजोऱ्याचं मोल मोठं असतं. वेंकटरमण यांनी मान डोलावली, अहवालात तसं लिहिलं आणि सही केली. भुवना डॉक्टर झाली.

मग वरुणरावांच्या खोलीत कॉफी आली. राजममामींनी खास करून पाठवलेल्या सुरळीच्या वड्या आल्या. वरुणराव खुशीत होते. सुरेंद्राला तिकडे शिष्यवृत्ती वाढवून मिळाली, ते पाहुण्यांना सांगत होते. पोरगं योग्य वेळी गेलं, असं म्हणाले. 'योग्य वेळी' हे शब्द ऐकल्यावर भुवनाला राहवलं नाही. पाहुण्यांना कळू नये म्हणून तिने मराठीत विचारलं. अजूनही तिला त्यांची अब्रू सांभाळायची होती, हे विशेष.

"सर, तवा माझं पाकीट तुम्मी त्या पेट्टीत ठेवूं दिलं असतं तर?"

वरुणरावांनी पाहुण्यांकडे बघून हसू कायम ठेवलं आणि मराठीतच उत्तर दिलं.

"त्याला जायाचं होतं, भुवना. तुझं काय जात होतं?"

ते चिडून नव्हते बोलले. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तेच तिला सोसवलं नाही. वेंकटरमण यांना दोघांचे चेहरे पाहून कुतूहल वाटलं असावं. सर काय म्हणाले, असं त्यांनी तमिळमध्ये कौतुकाने विचारलं. वरुणराव कप खाली ठेवून काहीतरी गोड सांगायच्या बेतात होते.

"माझं काय जात होतं, असं विचारतायत," भुवना तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मघाशी तुम्ही विचारलंत ना, तुझं यात नवीन काय, तेच जात होतं, सर. यांनी दिवस चांगला नाही म्हणून माझा लेख चार महिने कपाटात ठेवून घेतला."

वेंकटरमण यांनी वरुणरावांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या अहवालाकडे पाहिलं. सही मघाशीच होऊन गेली होती. त्यात पूर्वीच्या कामाला दुजोरा असंच लिहिलं होतं, आणि ते तसंच राहिलं.