गव्हाणीची दोरी

मच्छिंद्रनं हिरवं बटण पुन्हा दाबलं. स्टार्टर ढिम्म. तिकडं गव्हाणीपाशी चेअरमन उसाची पहिली मोळी हातात धरून ताटकळलेले, नव्या हंगामाची पूजा आटोपलेली, आणि गव्हाणीतला ऊस गाळपाला ओढून नेणारी साखळीच हलायला तयार नाही. सकाळी चांगली चालली होती हो! शिरूर-दौंडच्या सगळ्या सभासदांसमोर कारखान्याची लाज जायची वेळ आली.

फोरमन मारुतराव पॅनेलपाशी वाकले. "तुझी ती दोरीच नडली असंल. तिचा स्विच सोडून थेट वायर मार आन् चालू कर. दोरीचं मग बघू."

त्यांचं 'मग बघू' म्हणजे कधीच नाही, हे मच्छिंद्र पुरतं ओळखून होता. गेल्या हंगामात गव्हाणीवर काम करणाऱ्या कोंडिबाचा उजवा हात याच साखळीत गेला. बंद करायचं बटण वर केबिनात. ओरडा तिथवर पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. तेव्हापासून मच्छिंद्रनं मारुतरावांचं डोकं खाऊन खाऊन गव्हाणीच्या कडेनं ही दोरी बसवून घेतली होती. कुणीही, कुठूनही ओढावी. स्विच उघडतो, स्टार्टरचा करंट तुटतो, मोटर बंद. आज ती बदनाम झाली, की उद्या गुंडाळलीच म्हणून समजा.

"मामा, एवढं बघून येतो," मारुतरावांना म्हणत तो दोरीच्या कडेनं धावला आणि मध्येच थबकला.

दोरीवर झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, जणू लग्नघरच! त्या ओझ्यानं दोरी ताणली जाऊन स्विच केव्हाच उघडला होता. शेजारी कोंडिबाची बायको आक्काबाई उभी, उरलेली माळ हातात घेऊन. गव्हाण झाडायचं काम तिचंच.

"समद्या मशिनींना हार घातले," ती म्हणाली. "हिला कुनीच न्हाई. म्हनलं, आपन घालावा."

या माउलीवर रागवायचं तरी कसं? सांगावं तर चारचौघांत तिची शोभा, न सांगावं तर दोरी जायची. तेवढ्यात मारुतराव आलेच.

"काय रं, घावलं का?"

"स्प्रिंग अडकलीया. माझ्याच हातनं ऱ्हायलं," तो पुटपुटला. खोटं बोलायची सवय नाही, कान लालबुंद झाले.

आक्काबाईनं त्याच्याकडं पाहिलं, दोरीकडं पाहिलं आणि पदर खोचला.

"त्याचं काय चुकलं न्हाई. माझ्या फुलांनी थांबलंय," ती चेअरमनना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "पर मारुतराव, मला एक सांगा. फुलांच्या वजनानं थांबतंय, तर मानसानं धरल्यावर थांबंल का न्हाई?"

चेअरमन मोळी सावरत हसले. मारुतराव खाली वाकून स्वतःच माळा सोडवायला लागले. दोरी वर आली. मच्छिंद्रनं धावत जाऊन बटण दाबलं, साखळी करकरत हलली, मोळी पडली, टाळ्या झाल्या.

गर्दी पेढ्यांकडं वळल्यावर कोंडिबा पुढं आला. हात गेल्यापासून तो गव्हाणीकडं फिरकलासुद्धा नव्हता. त्यानं डाव्या हातानं दोरी धरली आणि ओढली.

साखळी जागच्या जागी थांबली.

कोंडिबा तिच्याकडं बघत राहिला. मारुतरावांनीही त्याला हटकलं नाही.

"हां," तो शेवटी धावत आलेल्या मच्छिंद्रला म्हणाला. "लाव आता चालू."