तीर्थाचा थेंब आणि बधिर जीभ

लोणी काळभोरच्या मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. नेत्रानंद महाराज माइकवर गरजत होते, "ना सुई, ना चाकू! तीर्थाचा एक थेंब, आणि मोतीबिंदू बाहेर!"

तिसऱ्या रांगेत वडील दिसले आणि आम्रपाली गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ पोचली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पोपटरावांनी पस्तीस वर्षं काढली, पण घरात कधी गंडादोरा शिरू दिला नाही. मागच्या आठवड्यात मात्र मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भुलीची सुई डोळ्याजवळ येताना पाहिली, आणि ते टेबलावरून उठून पळाले. आम्रपाली त्याच दवाखान्यात नर्स होती.

"पप्पा, घरी चला."

"गप्प बस. ते बघ, बाई घाबरतसुद्धा नाही!"

स्टेजवर बसलेल्या त्या बाईंच्या, यमुनाबाईंच्या, डोळ्यात तीर्थ पडलं. महाराज मिनिटभर मंत्र पुटपुटले आणि मग थेट बुबुळावरून कापूस फिरवला. पापणी लवली नाही. कापसावर पांढरा पापुद्रा! टाळ्यांचा कडकडाट झाला.

आम्रपालीला राहवेना. मिनिटभर थांबायचं कशाला? असं तीही रोज थांबायची. डोळ्यात औषध टाकून.

"पुढचे, पोपटराव!" महाराजांनी पुकारलं.

वडील उठायच्या आत ती स्टेजवर पोचली. तीर्थाची बाटली उचलून तिनं थेंबभर आपल्या जिभेला लावलं, मग यमुनाबाईंच्या हातावर टाकलं. "मावशी, चाटून बघा."

"अगं बया, जीभ मेली की माझी!"

"मेली नाही, बधिर झाली. डोळा बधिर करायचं औषध आहे हे. आता सांगा, बोटं किती?"

"मघासारखं धुकंच हाय गं."

"असणारच. मोतीबिंदू डोळ्याच्या आत असतो, वरून पुसून कसा निघेल?" तिनं महाराजांचे कापसाचे बोळे उलगडले. प्रत्येक बोळ्यात उकडलेल्या अंड्याचा पापुद्रा आधीच दडवलेला. पर्समधला कोरा कापूस तिनं पुढे केला. "आता यानं काढा, महाराज."

महाराजांनी कापूस सोडून तत्काळ जपमाळ हातात घेतली.

"बधिर डोळ्याला ओरखडा गेला तरी कळत नाही," आम्रपाली गर्दीला म्हणाली. "बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडला तर नजर कायमची जाईल. या मावशींना आजच तपासायला हवं."

बापलेक यमुनाबाईंना घेऊन दवाखान्याकडे निघाले. वाटेत पोपटराव हळूच म्हणाले, "ती सुई डोळ्यात खुपसतात ना?"

"डोळ्यात नाही, पप्पा. बाजूच्या खोबणीत. आधी टोचल्याचं कळतं, दाब वाटतो, मग डोळा झोपतो. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

यमुनाबाईंच्या बुबुळावर बारीक ओरखडा निघाला, थोडक्यात निभावलं. चार दिवसांनी सुई टोचताना पोपटरावांनी लेकीचा हात असा आवळला की बोटं पांढरी पडली, पण या वेळी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बाकावर दाराकडेच बघत ऑपरेशनची वाट पाहणाऱ्या एका म्हाताऱ्याजवळ ते स्वतःहून बसले. "घाबरताय? मीपण पळालो होतो. पण डोळा त्याच्याच हाती द्या, ज्याला 'हे काय टाकताय' असं विचारता येतं. जो विचारू देत नाही, त्याच्यापासून पळा."