नकळत टिपलेला माणूस

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर उमाकांतरावांना अचानक कळलं, की आपण कलावंत आहोत. दर शनिवारी ते दुर्गापुऱ्याहून रिक्षाने चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, कॅमेरा घेऊन जात आणि शहराचं दुःख टिपून आणत. तेही कृष्णधवल, कारण रंगीत दुःख त्यांना चालत नसे. "माणसाला नकळत टिपावं, तरच तो खरा दिसतो," हे त्यांनी पत्नी रमाबाईंना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्या आता मेथी निवडता निवडताच मान डोलवत.

त्या शनिवारी लाखेच्या बांगड्या करणारा म्हातारा बशीर शेगडीवर वाकलेला दिसला आणि उमाकांतराव भर गल्लीत पोटावर आडवे झाले.

"ब्लॅक अँड व्हाइट है क्या?" मान वर न करता बशीरने विचारलं. उत्तराची वाट न बघता त्याने चष्मा काढला आणि खुंटीवरचा फाटका सदरा अंगात चढवला. मग डोळ्यांत थोडी वेदनाही आणली.

"ऐसा नहीं चलता, चाचा," उमाकांतराव वैतागून उठले. "मतलब, आपको पता नहीं चलना चाहिए."

बशीरने आपला मोबाइल पुढे केला. त्यात गल्लीत लोळण घेतलेल्या कॅमेरेवाल्यांचे फोटो होते, सगळे रंगीत. उमाकांतराव तीनदा होते. तिन्हींत तेच सतरा खिशांचं जाकीट, तेच वर आलेलं बूड, आणि शेवटच्या फोटोत त्यांची पिशवी निवांत चघळणारी गाय.

"इनमें से किसी को पता नहीं चला," बशीर म्हणाला आणि चष्मा लावून कामाला लागला.