शेवटच्या बाकापर्यंत

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा पाव मावशीच भाजायची. एकच मोठा पाव. तो हाती आला की तुकडा तोडून शेजारच्याला द्यायचा, स्वतःच्या हाताने स्वतः घ्यायचा नाही, अशी तिथली जुनी रीत. त्यामुळे वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या जावांनाही महिन्यातून एकदा एकमेकींकडे तोंड वळवावं लागायचं.

मग सरहद्दीवर लढाई पेटली. मावशीचा धाकटा मुलगा लढायला गेला तो पेटीतूनच परत आला. पेटीवरचा झेंडा चर्चच्या सेक्रेटरींनी वेदीपाशी, क्रुसाच्या शेजारी उभा केला. मावशीला तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

पुढे सरहद्दीपलीकडची एक बाई आली, घरदार जळून गेलेली. ती शेवटच्या बाकावर बसायची, म्हणून त्या बाकावर दुसरं कुणी बसेना. पाव तिच्या पुढच्या बाकापर्यंत जायचा आणि मागे फिरायचा. पाळकसाहेब नेमके तेव्हाच डोळे मिटून प्रार्थनेत असायचे.

मावशी मूग गिळून बसली होती. पण एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की ख्रिस्ताच्या माणसांचं राष्ट्र नकाशावर नसतं, ते या प्रभुभोजनाच्या मेजाभोवती घडतं. सगळे आमेन म्हणाले. आणि पाव नेहमीच्याच जागेवरून मागे फिरला.

मावशीचं डोकं फिरलं. पाव उचलून ती शेवटच्या बाकापाशी गेली. त्या बाईचं तोंड पाहिलं आणि धाकट्याची पेटी डोळ्यांपुढे आली. पाव घेऊन मागे फिरावंसं वाटलं. तरी तिने तुकडा तोडून दिला.

"मावशी, मुलगा कुणी मारला ते तरी आठवायचं," बाहेर सेक्रेटरी म्हणाले.

"मी विसरले असं वाटतं तुम्हाला?"

पुढच्या महिन्यात ती गरम पाव घेऊन आली, तर दारातच थाळी. दुकानातून आणलेले, एकसारखे कापलेले तुकडे. आत जाताना ज्याने त्याने आपापला उचलायचा.

"या वयात तुम्हाला भट्टीचा त्रास कशाला," पाळकसाहेब तिची नजर चुकवत म्हणाले. "आणि असं सगळ्यांना मिळतं. तिलासुद्धा."

थाळीला हात न लावता मावशी शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्या बाईच्या मुलखावरचा राग गेला नव्हता, जाईलसं वाटतही नव्हतं. तिने आपल्या पावाचा तुकडा तोडून त्या बाईला दिला. बाईने पाव घेतला, तुकडा तोडला आणि मावशीपुढे धरला.

मावशीने तो घेतला. तिच्या देशाच्या माणसांनी भरलेल्या त्या चर्चमध्ये तिला हाताने तुकडा देणारं तेवढं एकच माणूस होतं.