माग थांबले तेव्हा

भरमाप्पांचे शिदराम, शिदरामांचे सुबराव आणि सुबरावांचे आण्णाप्पा. पहिल्या तिघांनी वडगावच्या गल्लीत साड्या विणण्यापलीकडे काही केले नाही, आणि गल्लीच्या मते आण्णाप्पांनीही नाही. तरुणपणी लष्करी कॅम्पातल्या एका गोवेकर बँडमास्तरांकडून ते सॅक्सोफोनवर जॅझ शिकले होते. पण वाजवीत ते यंत्रमागांच्या खडखडाटाआड. वीज गेली, माग थांबले, की सूरही अर्ध्यावर तुटे. इतका संकोची माणूस.

ऐकले होते शेजारच्या एकट्या बायाक्कांनी. दोन घरांत भिंत एकच. मागासाठी सुताच्या कांड्या भरताना कानी पडे: मागाचा ठोका पडून जाई, आणि त्याच्या किंचित मागे रेंगाळत सूर असा हसत येई की त्यांचा हात थांबे.

चाळीस वर्षांपूर्वी बायाक्का विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा नणंदेच्या लग्नाची साडी मागावर अर्धी होती. आण्णाप्पांनी न सांगता आठ दिवस बसून ती पुरी केली.

"हे कसं फेडू रं?"

"एकदा माग बंद करून ऐका, आक्का."

पण त्या गल्लीत दिवसा माग मुद्दाम थांबवत, ते कुणी वारले तरच. ऐकणे राहूनच गेले.

गेल्या शनिवारी आण्णाप्पांची नातसून ऋतिका सांगत आली: त्यांची छाती खराब आहे, सोमवारपासून उपचार, मग सॅक्सोफोन फुंकायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. एक्याऐंशी वर्षांच्या बायाक्कांनी काठी उचलली आणि दारोदार हुकूम सोडला, "चारला माग बंद."

"कोन गेलं, आक्का?" शेजारच्या मष्णूने घाबरून विचारले.

"मेल्यावरच गप बसायचं व्हय रं? जित्या माणसासाठी बस!"

चारला आण्णाप्पा रोजच्यासारखे आत वाजवीत होते. एकेक माग थांबला. सवयीने सूरही तुटला.

बायाक्का आण्णाप्पांच्या उंबऱ्यावर बसल्या. "करंट गेला न्हाय, आण्णाप्पा. मी बंद केलेत. वाजीव."

"लोकं ऐकत्यात, आक्का."

"ऐकू देत. चाळीस वर्सं थांबलेय."

सूर निघाला, पण ठोक्यावाचून चाचपडू लागला. बायाक्कांनी काठी फरशीवर आपटून मागाचा ठोका धरला. तेव्हा कुठे तो किंचित मागून, हसत आला आणि या वेळी शेवटापर्यंत गेला. दारादारांत माणसे उभी होती. मष्णूने टोपी काढून हातात घेतली होती.

"फिटलं व्हय रं?"

आण्णाप्पांनी ओठ पुसले. "सगळं फिटलं, आक्का."