अर्धंच ऐकलेलं डिक्लाइन

रंगाच्या दुकानात थोरली पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब सोडत होती, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

“ताई, आई डिक्लाइन होतेय. आत्ताच सिस्टर म्हणाल्या. दुपारी वरच्या मजल्यावर हलवणार.”

वृद्धाश्रमाचा वरचा मजला अंथरुणाला खिळलेल्यांचा. तिथून कुणी खाली परतलेलं थोरलीनं पाहिलं नव्हतं. परवापर्यंत फोनवर आपली उलटतपासणी घेणारी आई एकाएकी कशी खालावते? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आश्रम भावाच्या घराजवळ. रोज जाणं त्याच्या जिवावर यायचं. वरच्या मजल्यावर भेट आठवड्यातून एकदाच. सुंठीवाचून खोकला गेला!

ती पोचली तेव्हा भाऊ आईची शाल घडी घालून पिशवीत भरत होता.

“फारच तयारीत आहेस.”

“वर गारठा असतो, ताई.”

“वर जाऊन पाहूनही आलास?”

भावानं पिशवीचं तोंड बांधलं. आई खुर्चीत ताठ बसलेली, तोंडावर रुमाल, डोळ्यांत अंगार. खालावलेल्या माणसाला एवढा राग येतो?

सिस्टर आल्या. त्यांना थोरलीनं दारातच अडवलं. “तुम्ही ह्याला नेमकं काय सांगितलंत? शब्द न् शब्द.”

“शी इज डिक्लाइनिंग फूड.”

“फूड!” थोरली भावाकडे वळली. “अरे, ती खालावत नाहीये. जेवण नाकारतेय!”

“मला डिक्लाइन आणि वर हलवणार, एवढंच ऐकू आलं. लगेच तुला फोन लावला.”

“एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि तुला बरोब्बर नको तोच सापडला.”

“पण जेवल्या नाहीत तर खालावतीलच,” सिस्टर म्हणाल्या. “वर नळीनं भरवता येईल. विचारलं की नुसती मान हलवतात.”

नळी म्हटल्यावर आईनं जोरात मान हलवली. रुमाल घसरला, वरची कवळीही घसरली. तिनं लगेच तोंड झाकलं. पण थोरलीला दिसायचं ते दिसलं होतं. त्या दातांचा पांढरा निळसर होता. “खोटे असले तरी खरे वाटले पाहिजेत,” म्हणून आईनं हट्टानं पिवळसर दात करून घेतले होते. आणि बोळकं तोंड ती परक्याला मेली तरी दाखवणार नव्हती.

“सिस्टर, कवळ्या धुवायला एकत्र नेता का?”

सिस्टरनी मान डोलावली, तशी थोरली शेजारच्या खोलीत डोकावली. तिथल्या आजी खिडकीपाशी काहीतरी मजेत चघळत होत्या. “मला वाटलं, लेकानं नवे करून दिले,” त्या पिवळसर हसत म्हणाल्या. “जरा सैल आहेत, पण चालतं.”

सिस्टर दात बदलून आणायला गेल्या. भाऊ पिशवीतली शाल बाहेर काढत होता.

“तुला वाटलं, मीच तिला वर ढकलतोय. हो ना?”

थोरलीनं भिंतीकडे पाहिलं.

“निदान नाही तरी म्हण, ताई.”

तिनं शालीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती आईच्या खांद्यांवर टाकली.

दात आले. आईनं भिंतीकडे तोंड करून ते बसवले, एकदा चावून पाहिले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

“नीट घासलेत ना? ती बाई दिवसभर काय काय चघळते, देव जाणे.”

सिस्टरनी ताट पुढे केलं. आईनं आधी वास घेतला.